तीन किलोवॅटची दिवाळी

दिराचा म्यूनिकहून फोन आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. पुढच्या हकिकतीसाठी एवढं लक्षात असू द्या.

"वहिनी, या दिवाळीला तुम्हाला स्वयंपाकघरातून सुट्टी," तो म्हणाला. "इटलीत, तोस्कानात आठवडाभर घर घेतलंय. शेतावर. द्राक्षांचे मळे, समोर टेकड्या. सगळी सोय आहे. सेल्फ केटरिंग."

माझ्या कानात फक्त 'केटरिंग' शिरलं. आमच्या पुण्यात केटरिंग म्हटलं की पांढऱ्या टोप्या घातलेली माणसं येतात, आग्रह करकरून मठ्ठा वाढतात आणि जाताना आपापली पातेली घेऊन जातात. त्या शब्दाच्या आधी 'सेल्फ' येऊन बसला की टोपी आपल्याच डोक्यावर चढते, हे मला सिएना शहराच्या दक्षिणेला, ब्वोनकोन्व्हेन्तो नावाच्या गावाबाहेरच्या एका दगडी घरात भांड्यांचं कपाट उघडल्यावर कळलं. सोय खरंच होती. भांडी त्यांची, हात आपले.

ही २०१९ची दिवाळी. मंडळी सहा: मी, नवरा, सातवीतला मुलगा, सासूबाई आणि म्यूनिकहून गाडी घेऊन आलेले दीर-जाऊ. आम्ही रोमहून रेल्वेने किउझीला उतरलो, तिथून दिराच्या गाडीत. शेवटचे दोन किलोमीटर नुसता खडी-मातीचा पांढरा रस्ता. याला तिकडे 'स्त्रादा ब्यांका' म्हणतात आणि त्यावरून सायकल चालवायला लांबून हौशी लोक येतात. सासूबाई दोन्ही हातांनी पुढची सीट धरून म्हणाल्या, "आपल्याकडे अशा रस्त्यासाठी मोर्चे निघतात."

दारावर पाटी होती, 'ला स्ताल्ला'. मालकीणबाई गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून स्वागताला उभ्या. आम्ही त्यांना सिन्योरा म्हणायचो, त्या आम्हा सगळ्यांना मिळून एकच नाव म्हणायच्या, 'इंदियानी'. मुलाने मोबाईलवर पाटीचा अर्थ काढला आणि मोठ्याने वाचला, "आजी, गोठा!"

सासूबाईंनी चष्मा पुसून पाटी परत बघितली. "कोकणातला आपला गोठा तुझ्या बापाने पाडला. गाडीला जागा हवी म्हणून. आणि आता युरो मोजून दुसऱ्याच्या गोठ्यात राहायला आणलंय."

सिन्योराने आपली कहाणी सांगितली, दिराच्या मोडक्या इटालियनमधून ती आमच्यापर्यंत आली. खाली बैल, वर माणसं, म्हणजे बैलांच्या उबेने वरची खोली गरम राहायची. जमीन मालकाची, कसणारा कुळवाडी, पीक अर्धंअर्धं. या पद्धतीला तिकडे 'मेझ्झाद्रिया' म्हणतात. "म्हणजे अर्धेली," सासूबाई भाषांतराच्या आधीच म्हणाल्या. मग पन्नास-साठच्या दशकांत पोरं शहरात कारखान्यात गेली, घरं ओस पडली, १९६४मध्ये कायद्याने अर्धेलीचे नवे करार बंद झाले. १९८५मध्ये शेतकऱ्याने पाहुणे ठेवून चार पैसे मिळवावेत म्हणून 'आग्रितुरिझ्मो'चा कायदा आला आणि गोठ्यांना फरशा बसल्या. सासूबाई मान हलवत होत्या. रत्नागिरीची गोष्ट ऐकावी तसं ऐकत होत्या. त्या दोघींचं त्या क्षणापासून जमलं ते जमलंच, आणि हाल झाले ते मधल्या पिढीचे.

पहिला दणका रेडिएटरचा. संध्याकाळी दगडी भिंतींतून गारठा झिरपायला लागला. नवऱ्याने रेडिएटरचे सगळे नॉब फिरवले. रेडिएटर ढिम्म. सिन्योरा आली, रेडिएटरवर हात ठेवला आणि म्हणाली, "प्रीमो नोव्हेंब्रे."

एक नोव्हेंबर. इटलीत घरं तापवायची तारीख सरकार ठरवतं. १९९३च्या हुकमाने थंडीप्रमाणे देशाचे सहा विभाग पाडलेत; सिएनाच्या विभागात एक नोव्हेंबर ते पंधरा एप्रिल, तेही दिवसाला बारा तास. त्याआधी कुडकुडायचं. आमचा मुक्काम चोवीस ते एकतीस ऑक्टोबर. "हे काही सगळे पाळत नाहीत," दीर कुजबुजला. सिन्योरा पाळत होती, कारण गॅस तिच्या पैशाचा होता. शेकोटीला लाकडं मिळतील म्हणाली. टोपलीचे पैसे वेगळे.

दुसरा दणका विजेचा. इथल्या बहुतेक घरांना वीज मिळते तीन किलोवॅट. थोडं वरखाली झालं तर मीटर चालवून घेतो, पण गिझर दीड, ओव्हन दोन आणि चहाची किटली दोन असे तिघे एकदम लागले की मिनिट-दोन मिनिटांत खटका पडतो. आपल्याकडे लाईट जाते. इटालियनमध्ये ती उडी मारते: 'ए साल्ताता ला लूचे'. भाषेतला हा फरक मला फार आवडला. आपली लाईट गेली की कुठे गेली, कधी येईल, काही सांगता येत नाही. त्यांची उडी मारून नेमकी फाटकाजवळच्या मीटरच्या पेटीत जाऊन बसते. पेटी घरापासून दोनशे पावलांवर. त्या पहिल्या रात्री नवऱ्याने चार फेऱ्या घातल्या.

सकाळी फ्रिजवर सासूबाईंच्या अक्षरात वेळापत्रक लागलं होतं. पहाटे ५ ते ६ गिझर. ६ ते ७ ओव्हन. ७ नंतर किटली. केस वाळवायचं यंत्र: बंदी. गॅस सिलिंडरचा होता, त्याला वेळेचं बंधन नव्हतं, म्हणून तो माझ्याकडे.

खरेदीचं थोडक्यात सांगते, कारण आठवलं तरी पाय दुखतात. गावातलं दुकान एकला बंद होतं ते चारला उघडतं. आम्ही रोज एक वाजून दहा मिनिटांनी पोचायचो. आत गेलं की भाजीला हात लावायच्या आधी प्लास्टिकचे हातमोजे, मग वजन आपणच करायचं, नंबर दाबून चिकटपट्टी आपणच लावायची. सासूबाईंनी भेंडी असती तर मोडून बघितली असती; तिथे टोमॅटो नुसता दाबला तर एक आजोबा दचकले. कोथिंबीर म्हणून मी दोन जुड्या उचलल्या, घरी आल्यावर कळलं ती पार्सली. मुलाने मोबाईलमधून शब्द शोधून दिला, 'कोरियांदोलो'. मी जाऊन जोरात "कोरियांदोली!" म्हणाले. अनेकवचन करायची हौस. काउंटरवरची मुलगी गोंधळून म्हणाली की ते कार्निव्हलला, फेब्रुवारीत. कारण 'कोरियांदोली' म्हणजे लग्नात-जत्रेत उधळतात तशा कागदाच्या रंगीत टिकल्या. पूर्वी म्हणे साखरेत घोळलेले धणे उधळत, म्हणून ते नाव. माहिती उत्तम होती, पण पोह्यांवर घालता येत नव्हती.

बेसन मात्र मिळालं. 'फारिना दी चेची', चक्क हरभऱ्याचं पीठ. पिसा-लिव्होर्नोकडे त्याचं पातळ पीठ कालवून, ऑलिव्हचं तेल घालून भट्टीत भाजतात, त्याला चेचीना म्हणतात. सासूबाईंनी एक तुकडा चाखला. "धिरडं. फोडणी राहिली." त्या भागातला पाव तर मुळातच बिनमिठाचा असतो, शतकानुशतकं तसाच. सासूबाईंचा पक्का समज, बेकरीवाला विसराळू आहे. तीन दिवस त्या त्याला हातवारे करून मीठ समजावत होत्या. दूध-तूप युरोपात नेता येत नाही म्हणून पुण्याचं तूप पुण्यातच राहिलं होतं. त्यांनी तिथलं लोणी आणून कढवलं. त्या वासाने सिन्योरा प्रथमच न बोलावता आत आली.

घरात सगळं होतं, लाटणं नव्हतं. सिंकवरच्या कपाटाला बूड नाही, धुतलेली ताटं आत उभी करायची, पाणी खाली गळतं. "ताटाळ्याला दार लावलंय!" म्हणून सासूबाई खूश झाल्या. लाटण्याचा प्रश्न त्यांनीच सोडवला. टेबलावर एक भरलेली बाटली होती, वजनदार, सरळ, अंगठ्यात छान बसणारी. मी त्या बाटलीने बारा पोळ्या लाटल्या. तेराव्या पोळीला दीर आत आला आणि खाली बसला. मोन्ताल्चीनोची ब्रुनेल्लो वाईन होती ती. द्राक्षं तोडल्यापासून पाचव्या वर्षी बाजारात येते, हलवायची नसते, श्वास घ्यायला आधी उघडून ठेवतात. "मी तिला गाडीत मांडीवर घेऊन आलो, वहिनी," एवढंच तो बोलला. सासूबाई म्हणाल्या, "मग काय झालं, पोळ्या मऊ झाल्यात." सुट्टीत पोळ्या मीच लाटतेय, हा मुद्दा मी त्या वेळी मांडणार होते, पण दिराचा चेहरा बघून मांडवला नाही.

वसुबारस गोठ्यातच झाली. जागा योग्य होती, गाय नव्हती.

नरक चतुर्दशी आली रविवारी, सत्तावीस ऑक्टोबरला. त्याच पहाटे युरोपची घड्याळं एक तास मागे जातात. ऑक्टोबरचा शेवटचा रविवार, दरवर्षी. हे दिराला माहीत होतं, पण त्याला वाटलं जावेने सांगितलं असेल, जावेला वाटलं त्याने. मोबाईल आपोआप मागे गेले. स्वयंपाकघरातलं भिंतीवरचं घड्याळ आणि सासूबाईंचं मनगटावरचं जुनं एचएमटी जिथल्या तिथे.

आता वेळापत्रक आठवा. मोबाईलप्रमाणे पावणेसहा, म्हणजे गिझरची वेळ. भिंतीप्रमाणे पावणेसात, म्हणजे ओव्हनची वेळ. जाऊ शिस्तीची; तिने भिंतीकडे बघून आपल्या बेक केलेल्या करंज्या आत सरकवल्या. (बेक केलेल्या करंजीबद्दल सासूबाईंचं मत इथे छापत नाही.) मी गॅसवर चकल्या तळत होते. सासूबाईंनी सोऱ्या आणि भाजणी दोन्ही पुण्याहून आणली होती, तेल मात्र सिन्योराचं, हिरवंगार, तिच्या झाडांचं. न्हाणीत नवऱ्याला तेल-उटणं लावून झालं होतं. कारेट कुठे मिळणार. सासूबाईंनी अंगणातल्या झाडाचं कच्चं ऑलिव्ह आणून ठेवलं होतं. तेही कडूजहर असतं, त्यामुळे शास्त्राला अडचण नाही. नवऱ्याने डाव्या अंगठ्याने ते फोडलं. आणि टेकडीपलीकडे धाडकन आवाज झाला.

"ऐकलंत?" सासूबाई हरखल्या. "इथेही पहाटे फटाके!"

पाठोपाठ आणखी दोन. दिराने खुशीत चहाची किटली लावली.

अंधार.

अंगाला उटणं, डोक्यावरून तेलाचे ओघळ, टॉवेल आणि माझ्या पायातल्या चपला घालून नवरा बॅटरी घेऊन फाटकाकडे निघाला. हळूहळू फटफटायला लागलं होतं. पेटीपाशी चार माणसं उभी होती. केशरी जाकिटं, खांद्यावर बंदुका, दोन कुत्री. सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारपासून तिकडे शिकारीचा हंगाम असतो. मंगळवार आणि शुक्रवार कायद्याने सुट्टी, रविवारी जोर. मी खिडकीतून बघत होते. कुत्री गप्प झाली. एकाने टोपी काढली.

"बुओन्जोर्नो," तो म्हणाला.

"हॅपी दिवाली," नवरा म्हणाला, आणि टॉवेल एका हाताने धरून दुसऱ्या हाताने खटका वर केला. घर उजळलं. शिकारी त्या उजेडाकडे आणि त्याच्याकडे आळीपाळीने बघत राहिले. त्यांना काय वाटलं देव जाणे, पण त्या रविवारी आमच्या बाजूला परत बार झाला नाही.

सकाळी सिन्योरा आली ती तेलाची बाटली शोधत. बाटलीत तळाला दोन बोटं तेल, आणि परातीत चकल्यांचा डोंगर. मला घाम फुटला. सासूबाईंनी काही न बोलता एक चकली तिच्या हातात दिली. तिने ती उजेडात धरून फिरवली, मोडली, कान जवळ नेऊन आवाज ऐकला, खाल्ली. मग दुसरी. मग खुर्ची ओढून बसली. पुढचा तासभर त्या दोघी बोलत होत्या, एक मराठीत, एक इटालियनमध्ये, आणि मधून मधून दोघी माझ्याकडे बघून हसत होत्या. सुना हा विषय असावा. निघताना सिन्योराने तेलाची दुसरी बाटली ठेवली आणि सोऱ्या एक दिवसासाठी नेला. त्यातून तिने काय पाडलं ते मला कळलं नाही. परत आला तेव्हा धुऊनपुसून लख्ख होता.

एकतीस तारखेला निघालो. अंगात दोन-दोन स्वेटर. ओल्या, काचेच्या, कागदाच्या कचऱ्याच्या वेगवेगळ्या पिशव्या सिन्योराने मोजून घेतल्या, चमचेही मोजले, लाकडाच्या अकरा टोपल्यांचे पैसे घेतले, तेलाचे घेतले नाहीत. सासूबाईंना दोन्ही गालांवर मुके दिले. सासूबाईंनी नाक ओढलं आणि शालीत हात लपवत रेडिएटरकडे बघितलं.

सिन्योराने रेडिएटरवर मायेने थोपटलं.

"दोमानी," ती म्हणाली. उद्या.