इंग्रजीतून गीता वाचणाऱ्या माझ्या लेकीची बाजू

दोन महिने लिहीन लिहीन म्हणत होते. आज लिहितेच.

गीता जयंतीच्या आठवड्यात पेठेतल्या एका सभागृहात व्याख्यान होतं. मी आणि लेक दोघी गेलो होतो. खरं तर तीच मला ओढून घेऊन गेली. शेवटी प्रश्नोत्तरं सुरू झाली तेव्हा तिने हात वर केला. "कर्मण्येवाधिकारस्ते"ची दोन इंग्रजी भाषांतरं तिने वाचली होती. एकात 'राइट' होतं, दुसऱ्यात 'बिझनेस'. मग मूळच्या 'अधिकार' शब्दाचा अर्थ नेमका काय घ्यायचा, एवढंच तिला विचारायचं होतं. व्यासपीठावरचे गृहस्थ म्हणाले, "बाळ, इंग्रजीतून वाचलेली गीता ही गीताच नव्हे. आधी संस्कृत शीक, मग विचार." त्या संध्याकाळी सगळ्यांत जास्त टाळ्या या वाक्याला पडल्या. प्रश्नाचं उत्तर कुणीच दिलं नाही. रिक्षातून घरी येईपर्यंत ती बोलली नाही, आणि पुस्तक कपाटात गेलं ते पुढे महिना-दीड महिना बाहेर आलं नाही.

माझा राग अजून गेलेला नाही. त्या गृहस्थांचा व्यासंग मोठा आहे हे मला मान्य आहे. पण तिचा प्रश्न त्या संध्याकाळचा सगळ्यांत चांगला प्रश्न होता, आणि तो टाळ्यांत बुडाला.

लेकीचं सगळं शिक्षण इंग्रजी माध्यमातलं. तो निर्णय माझा आणि तिच्या बाबांचा, तिचा नव्हे. मराठी ती छान बोलते. पण ज्ञानेश्वरी तर सोडाच, 'गीताई' उघडली तरी ती दर ओळीला अडखळते. म्हणून ती इंग्रजीतून वाचते. हिंजवडीहून आल्यावर, जेवणं झाली की रोज एक पान. या वयात रोज एक पान वाचणारी किती मुलं आपल्या घरांत आहेत?

आता माझी गोष्ट सांगते. आमच्याकडे शुभंकरोती झालं की दुसऱ्या अध्यायातले स्थितप्रज्ञाचे श्लोक म्हणायचे, हा आजीचा दंडक. त्यामुळे ते मला सहाव्या-सातव्या वर्षापासून पाठ. त्यात "आत्मवश्यैर्विधेयात्मा प्रसादमधिगच्छति" असं येतं. मी पन्नास वर्षं समजत होते की इंद्रियं ताब्यात ठेवली की देवाचा प्रसाद मिळतो, म्हणजे कृपा होते. मागच्या पावसाळ्यात लेक तो श्लोक वाचत होती. तिच्या पुस्तकात 'ट्रँक्विलिटी' असा शब्द होता. मी लगेच म्हटलं, "हे भाषांतर चुकलंय गं." ती काही बोलली नाही. तिने आपट्यांचा कोश काढला. वामन शिवराम आपट्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश, १८९० साली आपल्या पुण्यातच निघालेला. त्यात कृपा हा अर्थ आहेच, पण त्याच्याबरोबर निवळपणा, स्वच्छपणा, शांतपणा हेही अर्थ आहेत. संस्कृतात नितळ पाण्याला 'प्रसन्न' म्हणतात. पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो आणि पाणी निवळतं. मनाचं तसं होणं म्हणजे हा प्रसाद. बाहेरून कुणी हातावर ठेवायची वस्तू ती नाही. मग मी गीताई काढली. विनोबांनी तिथे 'प्रसन्नता' असाच शब्द घातला आहे. ते पुस्तक माझ्या लग्नाआधीपासून माझ्याकडे आहे.

तेव्हापासून एक गोष्ट सारखी मनात येते. आपल्याला वाटतं, मराठी माणसाला संस्कृत अर्धंमुर्धं आपोआपच कळतं. शब्द ओळखीचे असतात ना! पण तिथेच आपण फसतो. शब्द ओळखीचा म्हणून अर्थही ओळखीचा वाटतो आणि आपण न थांबता पुढे जातो. "कृपणाः फलहेतवः" म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कंजूष माणूस येतो, पण तिथे कीव यावी असा दीन माणूस अभिप्रेत आहे. 'समाधी' म्हटलं की आपण थेट आळंदीला पोचतो. इंग्रजी वाचणाऱ्याला ही सोय नसते. त्याच्यासाठी कुणीतरी बसून ठरवलेलं असतं की या जागी याचा अर्थ हा. तो निर्णय चुकीचाही असेल, पण निदान तो घेतलेला असतो आणि म्हणून तपासता येतो. माझ्या पाठांतरात तसा निर्णय कुणी घेतलाच नव्हता.

'अधिकार'चंही तेच. आपण 'माहितीचा अधिकार' म्हणतो तेव्हा तो हक्क असतो. 'अधिकारी' म्हटलं की कचेरीतला साहेब. आणि "त्यांचा अधिकार मोठा" असं एखाद्या संतपुरुषाबद्दल म्हणतो तेव्हा ती पात्रता असते. यज्ञकर्म करायला कोण पात्र, याची चर्चा मीमांसक, म्हणजे वेदातल्या कर्मकांडाचा अर्थ लावणारे शास्त्रकार, 'अधिकार' याच शब्दाने करतात. माझ्या समजुतीने गीतेतला शब्द या पात्रतेच्या आणि आपल्या वाट्याला आलेल्या कामाच्या अंगाने जास्त जवळ आहे. कोर्टात मागायच्या हक्काच्या अंगाने कमी. माझं चुकत असेल तर जाणकारांनी जरूर सांगावं. पण एवढं उत्तर त्या दिवशी तिला मिळालं असतं तर काय बिघडलं असतं?

तो 'बिझनेस' हा शब्द कुणाचा, तेही सांगते. काशिनाथ त्र्यंबक तेलंगांचा. पुढे मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले, ते. मॅक्स म्युल्लरने संपादलेल्या 'सेक्रेड बुक्स ऑफ द ईस्ट' या पन्नास खंडांच्या मालेतला आठवा खंड, १८८२ सालचा, हा तेलंगांच्या गीतेचा. म्हणजे जगभरच्या ग्रंथालयांत गेलेली ती गीता एका मराठी माणसाने इंग्रजीत नेलेली आहे. त्याआधी लोरिन्सर नावाच्या जर्मन पंडिताने गीतेने बायबलमधून उसनवारी केल्याचं मांडलं होतं. तेलंगांनी १८७५ साली गीतेचं इंग्रजी पद्य भाषांतर केलं आणि त्याच्या प्रस्तावनेत या मताचा मुद्देसूद प्रतिवाद केला. पंचविशीतला माणूस! ते उत्तर मराठीत लिहिलं असतं तर लोरिन्सरच्या वाचकांपर्यंत पोचलं असतं का?

आणि एडविन अर्नोल्ड. आज आपण ज्याला डेक्कन कॉलेज म्हणतो, त्याचे ते प्रिन्सिपल होते. १८५७च्या धामधुमीत ते इथे पुण्यात होते. पुढे १८८५ साली त्यांनी गीता इंग्रजी काव्यात आणली. लंडनला बॅरिस्टरी शिकणाऱ्या गांधीजींना दोन थिऑसॉफिस्ट भावांनी तीच वाचायला बोलावलं. आपण ही गीता संस्कृतातही वाचलेली नाही आणि गुजरातीतही नाही, याची त्यांना लाज वाटली, असं त्यांनी आत्मकथेत लिहून ठेवलं आहे. त्यांनी इंग्रजीतून सुरुवात केली, मग मुळाकडे वळले आणि पुढे स्वतः गुजरातीत भाषांतर केलं. त्या दोघा भावांनी त्यांना "आधी संस्कृत शीक" म्हणून परत पाठवलं असतं तर?

याहून मोठं उदाहरण बाबासाहेबांचं आहे. अस्पृश्य म्हणून शाळेत त्यांना संस्कृत घेऊ दिलं नाही, फारसी घ्यावी लागली. १९४६ साली शूद्रांच्या उत्पत्तीवर त्यांनी ग्रंथ लिहिला. त्याच्या प्रस्तावनेत ते सरळ सांगतात की संस्कृतवर आपलं प्रभुत्व नाही, पण संस्कृतातलं जवळजवळ सगळं वाङ्मय इंग्रजीत उपलब्ध आहे, मग त्याचा अभ्यास करायला आपण अपात्र का ठरावं? ही प्रस्तावना वाचल्यावर "आधी संस्कृत शीक" हे वाक्य माझ्या कानाला फार वेगळं लागतं. शतकानुशतकं हे वाक्य कुणाला उद्देशून म्हटलं गेलं आणि शिकायचं दार कुणासाठी बंद होतं, हे आपल्याला माहीत आहे. इंग्रजी भाषांतरांनी ते दार बाहेरून उघडलं. आपल्या धर्मग्रंथांना त्याने बाध आला असं मला वाटत नाही. ते ग्रंथ अधिक लोकांचे झाले.

म्हणून इंग्रजी भाषांतरं निर्दोष आहेत असं मी मुळीच म्हणत नाही. 'यज्ञ'चं 'सॅक्रिफाइस' केलं की चौथ्या अध्यायातला स्वाध्याययज्ञ आणि ज्ञानयज्ञ वाचणाऱ्याला समजेनासे होतात. लेकीला पहिल्यांदा वाटलं की ज्ञानाचा त्याग करायला सांगितलं आहे. इथे मात्र मराठी कानाचा फायदा झाला. वसंत व्याख्यानमालेला आपण ज्ञानसत्र म्हणतो, तसंच हे, असं मी तिला सांगितलं आणि तिला लगेच उमगलं. 'धर्मक्षेत्रे'चं तेलंगांनी 'होली फील्ड' केलं आणि गीतेचा पहिलाच शब्द, 'धर्म', पुसला गेला. 'मूर्ती'ला 'आयडॉल' म्हटलं की बायबलमधला सगळा तिरस्कार त्या शब्दाला चिकटून येतो. आणि 'चातुर्वर्ण्य'ला 'कास्ट'. हा शब्द पोर्तुगीजांच्या 'कास्टा'वरून आलेला, जात आणि वर्ण एकाच पोत्यात भरणारा. तोही तेलंगांनीच वापरला आहे. तेव्हा सगळं खापर गोऱ्या भाषांतरकारांच्या माथी फोडण्यात अर्थ नाही.

अजून एक. "इंग्रजांनी विपर्यास केला" ही पळवाटही बंद झाली पाहिजे. ब्यूलर या युरोपीय पंडिताने १८८६ साली मनुस्मृतीचं इंग्रजी भाषांतर केलं. त्यातले शूद्रांबद्दलचे आणि बायकांबद्दलचे श्लोक वाचून अंगावर काटा येतो. मी मूळ संस्कृत समोर ठेवून त्यातले काही पाहिले. मुळातही ते तसेच आहेत. तिथे भाषांतरकाराचा काही दोष नाही.

उलट बाजूचाही एक किस्सा आहे. आमच्या नात्यातल्या एका काकांनी महाभारताचं इंग्रजी भाषांतर वाचायला घेतलं, बिबेक देबरॉय यांचे दहा खंड आहेत ते. फोन करून म्हणाले, "अगं, यात व्यासांचा लेखनिक गणपती कुठे आहे? या इंग्रजीवाल्यांनी गणपतीच काढून टाकला!" मी म्हटलं, काका, गणपती आपल्या पुण्यातच काढला गेला आहे, लॉ कॉलेज रस्त्यावर. भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ अशी सत्तेचाळीस वर्षं खपून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. ठिकठिकाणच्या १२५९ हस्तलिखितांचा धांडोळा, एकेक श्लोक ताडून पाहणं. सुकथनकर, बेलवलकर, वैद्य, दांडेकर अशी संपादकांची परंपराच तिथे झाली. सुकथनकर तर काम अर्ध्यावर असताना १९४३ साली गेले. गणपती लेखनिक झाल्याची कथा मागाहून आलेली दिसली, म्हणून संपादकांनी ती मूळ संहितेतून काढून परिशिष्टात ठेवली. द्रौपदीचं "आंधळ्याचा मुलगा आंधळा" हे वाक्यही त्या संहितेत नाही. देबरॉय यांनी त्या संहितेवरून भाषांतर केलं. त्याउलट १८८३ ते १८९६ या काळात निघालेलं किसारी मोहन गांगुलींचं भाषांतर जुन्या छापील प्रतींवरून आहे. म्हणून त्यात जास्त कथा सापडतात. कुठलं भाषांतर कुठल्या पाठावरून केलंय हे न पाहता आपण भाषांतरकाराला शिव्या घालतो. या संस्थेवरून रोज गाडी चालवत जाणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना हे ठाऊक आहे? मलाही वयाच्या पन्नाशीनंतर कळलं.

आता त्या टाळ्या वाजवणाऱ्यांना एक विचारते. ज्ञानेश्वर माउलींनी १२९० साली काय केलं? सातशे श्लोकांच्या सुमारे नऊ हजार ओव्या केल्या, ज्यांना संस्कृत येत नव्हतं त्यांच्यासाठी, त्यांच्या बोलीत. त्या काळच्या विद्वानांपैकी कुणालाच तेव्हा "मराठीतली गीता ही गीताच नव्हे" असं वाटलं नसेल का? माझ्या लेकीला येणारी वाचनाची भाषा आज इंग्रजी आहे. ते मला आवडत नाही, मनापासून आवडत नाही. पण त्याची शिक्षा तिने का भोगायची?

आमच्या घरी सध्या असं चाललं आहे. रविवारी सकाळी चहा झाला की आम्ही दोघी बसतो. तिच्याकडे इंग्रजी, माझ्याकडे गीताई, मध्ये आपट्यांचा कोश. तिने पुस्तक पुन्हा बाहेर काढलं याचं श्रेय माझं नाही. 'प्रसाद'च्या वेळी माझी झालेली फजिती तिला आठवली आणि आणखी असे शब्द शोधू या, असं तीच म्हणाली. धर्म, यज्ञ, आत्मा, ब्रह्म, गुण या शब्दांचं इंग्रजी आम्ही करतच नाही. ती वहीत ते देवनागरीत लिहिते आणि ज्या ज्या श्लोकात शब्द आला तिथे अर्थ कसा बदलला ते खाली टिपून ठेवते. 'धर्म'ला आत्ताच तिसरं पान लागलं आहे. गेल्या रविवारी तिसऱ्या अध्यायाच्या बेचाळिसाव्या श्लोकाशी अडलो. इंद्रियांच्या पलीकडे मन, मनाच्या पलीकडे बुद्धी. ती म्हणाली, "आई, इंग्रजी 'माइंड'मध्ये बुद्धी पण येते. मग 'माइंड'च्या पलीकडे काय राहिलं?" आणि मला जाणवलं की मराठीत 'मन' म्हटलं की मला अर्धं हृदयच दिसतं. एक तास त्यावर गेला. उत्तर अजून पूर्ण मिळालेलं नाही.

परवा ती म्हणाली, ज्ञानेश्वरीत या श्लोकावर काय आहे ते मला तुझ्याकडून ऐकायचं आहे. म्हणून आता ज्ञानेश्वरी. मामासाहेब दांडेकरांची सार्थ ज्ञानेश्वरी घरात आहे, पण तिला ओवीतल्या जुन्या शब्दांचा अर्थ शब्दाशेजारीच हवा आहे, आणि टाइप मोठा हवा, माझ्या डोळ्यांसाठी. अप्पा बळवंत चौकात शनिवारी जाणार आहे. कुणाच्या वापरातली अशी प्रत असेल तर कोणती आवृत्ती ते कृपया कमेंटमध्ये लिहा.