मिश्र वाइन कमअस्सल असते का? एका प्रतिक्रियेला उत्तर

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: द्राक्ष कसदार असेल तर त्यात दुसरं मिसळायचंच कशाला? मिश्रण ही हलका माल खपवायची सोय आहे, आणि पिनो न्वार या काळ्या द्राक्षाच्या वाइनमध्ये कुणी काही मिसळत नाही हाच त्याचा पुरावा. मला हे पटत नाही.

कॅबर्ने सॉव्हिन्यों ही काळ्या द्राक्षाची जात घ्या. बारीक मणी, जाड साल, त्यामुळे रंग आणि टॅनिन (तोंडाला तुरटपणा आणणारा घटक) भरपूर. पण एकटी प्यायली तर पुष्कळदा पहिला घोट दमदार लागतो, शेवटी तुरटपणा रेंगाळतो आणि मध्ये काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. मर्लो ही दुसरी काळी जात नेमकी तिथे कामाला येते, कारण ती मऊ आणि भरीव असते. आता यात हलका माल कुठला? कच्च्या द्राक्षाची हिरवट चव चांगल्या वाइनमध्ये झाकली जात नाही, उलट चांगली वाइनच बिघडते.

शिवाय मिश्रणाची सुरुवात टाकीत होत नाही, बागेत होते. फ्रान्समधल्या बोर्दोत मर्लोला कोंब लवकर फुटतात, म्हणून वसंतातल्या हिमाची भीती तिला जास्त. कॅबर्ने उशिरा पिकते, तिला धास्ती शरदातल्या पावसाची. २०१७च्या एप्रिलमध्ये हिमाने तिथल्या कित्येक बागांचे कोंब जाळले. दोन-तीन जाती लावणारा बागायतदार स्वतःचं पीक वाचवत असतो. मग वाइनमधलं प्रमाण दरवर्षी चाखून ठरतं. पती व्हेर्दो ही तिथलीच आणखी एक जात तर इतकी उशिरा पिकते की एखाद्या वर्षी तिला सरळ वगळतात.

फ्रान्समधल्याच कोत-रोती या वाइनच्या प्रदेशात याहून गंमत आहे. तिथे सिराच्या काळ्या द्राक्षांबरोबर व्हिओन्ये ही पांढरी जात २० टक्क्यांपर्यंत आंबवायला परवानगी आहे (प्रत्यक्षात घालतात त्याहून बरीच कमी). रंग फिका पडेल असं वाटतं ना? पण एकत्र आंबवल्याने रंग पक्का व्हायला मदत होते, वर जर्दाळूसारखा सुवास मिळतो तो वेगळाच.

पिनो न्वारबद्दल मात्र सहमत. बारोलो या इटालियन वाइनमधल्या नेबिओलो जातीबद्दलही. त्यांचा सुवास दुसऱ्या जातीखाली दबतो. पण तो त्या जातींचा स्वभाव झाला, सगळ्या द्राक्षांचा नियम नव्हे. (तसं पिनोसाठी प्रसिद्ध असलेल्या फ्रान्समधल्या बर्गंडीतही पिनो आणि गामे ही दुसरी जात मिसळून पास-तू-ग्रँ नावाची वाइन करतातच.)

मिश्रणाच्या नावाखाली स्वस्त बाटल्यांत उरलंसुरलं खपवतात, हे खरं. एकाच जातीच्या स्वस्त वाइनमध्येही खपवतात. आणि लेबलवर एकच नाव दिसलं म्हणून निश्चिंत होऊ नका. युरोपियन संघाच्या नियमानुसार त्या जातीची ८५ टक्के द्राक्षं पुरतात, अमेरिकेत साधारणपणे ७५. म्हणजे ‘शुद्ध’ म्हणून घेतलेल्या अमेरिकन बाटलीत पाव हिस्सा दुसरंच द्राक्ष असू शकतं, तेही अगदी कायदेशीरपणे.