पोचायचं की निघायचं?
शब्द कुठून आले यावरच्या एका लेखात स्पॅनिश 'येगार' म्हणजे पोचणे हे लॅटिन 'प्लिकारे' म्हणजे घडी घालणे यावरून आलं एवढंच सांगून सोडून दिलंय, पण खरी गंमत पुढे आहे ना राव. तेच क्रियापद रोमानियनमध्ये 'प्लेका' झालं आणि तिथे त्याचा अर्थ चक्क निघून जाणे! स्पेनच्या बाजूला म्हणे खलाशी बंदर आलं की शिडं गुंडाळायचे आणि रोमानियाकडे सैनिक निघताना तंबू गुंडाळायचे, आपण गाशा गुंडाळतो तसंच. तंबूवालं मला पटतं, शिडांवालं जरा रचलेलं वाटतं कारण लॅटिनमध्ये 'प्लिकारे'वरूनच बनलेलं 'आप्लिकारे' हे जहाज किनाऱ्याला लावणे या अर्थाने वापरायचेच, मग शिडं कशाला मध्ये आणायची? बाकी सुरुवातीच्या 'प्ल'चा स्पॅनिशमध्ये 'य' आणि पोर्तुगीजमध्ये 'श' होणं हा नियमच आहे, म्हणून पोर्तुगीजमध्ये 'शेगार'. पाऊस बघा, लॅटिन 'प्लुविया', स्पॅनिश 'युव्हिया', पोर्तुगीज 'शुवा'. फ्रेंचमध्ये 'प्लिए' मात्र अजून घडीच घालतंय, पोचायला त्यांनी 'आरिव्हे' घेतलं, ते लॅटिन 'रिपा' म्हणजे काठ यावरून, म्हणजे तिथेही होडीच!