मंडई फुल्यांनी बांधली नव्हती, उलट त्यांचा तिला विरोध होता

दर एप्रिलात, फुले जयंतीच्या आसपास, पुण्याच्या मंडईचा फोटो लावलेला एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो मला तीन ग्रुपवर आला, त्यातला एक तर आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या तक्रारींचा ग्रुप. मजकूर थोडक्यात असा: 'ही इमारत मुळात चर्च होती. इंग्रज सरकारने ती पुणेकरांना भेट दिली. तिच्या बांधकामाचं कंत्राट जोतीराव फुल्यांनी घेतलं होतं, म्हणूनच 1886 पासून तिला महात्मा फुले मंडई म्हणतात.' तीन वाक्यं, आणि त्यातलं खरं फक्त 1886 हे साल. तेही चुकीच्या गोष्टीला चिकटवलेलं.

आधी चर्च. मधला उंच टोकदार मनोरा आणि दगडी बांधणी पाहून असं वाटतं, त्यात नवल नाही. पण त्या न्यायाने बोरीबंदरलाही चर्च म्हणावं लागेल आणि राजाबाई टॉवरलाही. त्या काळात मुंबई इलाख्यात सार्वजनिक इमारत म्हटली की गॉथिक, अशीच रीत होती. ही जागा शुक्रवार पेठेतली, खाजगीवाल्यांच्या बागेची. त्याआधी पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या मोकळ्या पटांगणात, उन्हापावसात भरायचा. त्याला छप्पर हवं म्हणून ही इमारत उभी राहिली. पहिल्या दिवसापासून ती बाजारच होती.

एकदा आत शिरून वर बघा, म्हणजे वाद मिटेल. चर्चचा आराखडा सहसा लांबट असतो. एका टोकाला दार, दुसऱ्या टोकाला वेदी, आणि सगळ्यांचं तोंड एकाच दिशेला. इथे मध्यभागी अष्टकोन आहे आणि त्यातून चहूकडे पाखं फुटली आहेत. कुठल्याही बाजूने आत या, चालत चालत मधोमध पोचता. हा आराखडा गिऱ्हाइकाला फिरवण्यासाठी आहे, एका जागी बसवण्यासाठी नाही. छप्पर उंच, त्यामुळे तापलेली हवा आणि कोबी-कांद्याचा वास वर निघून जातो. विक्रेता उंच ओट्यावर बसतो, माल त्याच्यापुढे उतरता मांडलेला. गिऱ्हाइकाने मान वर करून भाव विचारायचा आणि वरून उत्तर झेलायचं. गप्पा आणि वादांच्या इथल्या ज्या अड्ड्याला पुणेकर 'मंडई विद्यापीठ' म्हणतात, त्याचं निम्मं श्रेय मी या ओट्यांनाच देतो. उंचावर बसलेल्या माणसाच्या जिभेला आपोआप धार येते.

'भेट' या शब्दावर फार वेळ घालवत नाही. मंडई पुणे नगरपालिकेची. खर्च सुमारे 3 लाख रुपये, त्या काळाच्या मानाने डोळे विस्फारायला लावणारा. नगरपालिकेचा पैसा म्हणजे गावाच्या पट्टीचा पैसा. आराखडा कर्नल वॉल्टर डुकाट या लष्करी इंजिनिअरचा होता, हे खरं. नाव मिळालं ते तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचं. साहेबाने आराखडा काढला आणि साहेबाचं नाव लागलं, म्हणून पैसाही साहेबाचा ठरत नाही.

आता मुख्य मुद्दा, फुले आणि कंत्राट. हे कुठून आलं असेल ते कळतं. जोतीराव खरोखरच कंत्राटदार होते. मुळा-मुठेवरच्या धरणाच्या कामाला त्यांनी बांधकामाचा माल पुरवला होता. स्वतःची ओळख ते व्यापारी आणि शेतकरी अशी देत. घराण्याचा व्यवसाय फुलांचा, वडील भाजी विकणारे. भाजी, दगड, कंत्राट, पुणे, हे सगळं एका ओळीत ठेवलं की मंडई आपोआप पुढे येऊन बसते. पण मंडई बांधली वासुदेव बापूजी कानिटकर यांनी. पुण्यातल्याच या कंत्राटदाराचं नाव मेसेजमध्ये औषधालाही नाही. ज्याने काम केलं तो गायब आणि ज्याने केलं नाही त्याच्या गळ्यात हार!

आणि फुल्यांचं काय? 1876 ते 1882 या काळात ते पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सदस्य होते. या मंडईवर एवढा पैसा घालायला त्यांनी आणि त्यांचे स्नेही हरि रावजी चिपळूणकर यांनी विरोध केला. म्हणणं असं की हा पैसा शिक्षणावर खर्च करा. हे काही एकदाच उफाळून आलेलं नव्हतं. 1880 मध्ये व्हाइसरॉय लिटन पुण्याला यायचे होते, तेव्हा स्वागतासाठी 1000 रुपये खर्चायचा बेत ठरला. तेव्हाही फुल्यांनी हरकत घेतली आणि तो पैसा गरीब विद्यार्थ्यांसाठी वापरा म्हणून सांगितलं. याच चिपळूणकरांनी 1888 मध्ये राणी व्हिक्टोरियाचे चिरंजीव ड्यूक ऑफ कॅनॉट यांना मेजवानी दिली आणि तिथे जोतीराव शेतकऱ्याच्या वेशात येऊन उभे राहिले, हा प्रसंग बहुतेकांना माहीत असतो. मंडईचा विरोध मात्र कुणी सांगत नाही. मला वाटतं, तो सांगायला अडचणीचा आहे. देखणी वास्तू आणि थोर माणूस यांचं नातं गोड असावं, अशी आपली अपेक्षा असते. पण सरकारने नेमलेला माणूस सरकारी थाटाच्या खर्चावर भर सभेत बोट ठेवतो, हे मला बांधकामाच्या कंत्राटापेक्षा कितीतरी मोठं वाटतं.

फुले बरोबर होते का? मंडई रोज पाहणाऱ्या माणसाला त्यांची बाजू घेणं जड जातं, हे कबूल करतो. शनिवारवाड्यासमोर चिखलात बसणाऱ्या बायकांना छप्पर मिळालं, हेही खोटं नाही. पण शाळांची तेव्हाची स्थिती पाहता त्यांचा प्रश्न अजिबात वेडगळ नव्हता.

राहिलं नाव. 1886 मध्ये मंडई सुरू झाली ती 'रे मार्केट' म्हणून. जोतीरावांना 'महात्मा' ही पदवी मिळाली 11 मे 1888 रोजी, मुंबईत. म्हणजे पदवीच्या दोन वर्षं आधी तिची पाटी लागली, असं मेसेजचं म्हणणं! महात्मा फुले हे नाव आलं ते जवळजवळ अर्ध्या शतकानंतर, आचार्य अत्रे पुण्याच्या नगरपालिकेत होते तेव्हा, त्यांच्या पुढाकाराने. ज्या मंडईला फुल्यांनी विरोध केला, तिलाच त्यांचं नाव. अत्र्यांना यातली गंमत कळली नसेल, हे मी तरी मानणार नाही.

घाऊक बाजार पुढे गुलटेकडीला मार्केट यार्डात गेला. ओटे आणि किरकोळ भाजी मात्र इथेच राहिली. आमच्या घरात रे मार्केट कुणी म्हटल्याचं आठवत नाही आणि फुले मंडईही फारसं कुणी म्हणत नाही. पिशवी उचलायची आणि सांगायचं, 'मंडईत जाऊन येतो.'