मुळा-गाजराच्या पेरणीबद्दल खुलासा

कराड-वाळवा भागातल्या ग्रुपवर फिरतंय: 'मुळा, गाजर कडाक्याच्या थंडीत पेरा, डेंगळे (फुलाचे दांडे) येणार नाहीत.' हे उलटं आहे. कोवळ्या मुळ्याच्या रोपाला थंडी लागली आणि पुढे दिवस मोठा होऊन ऊन वाढलं, की ते फुलाचा दांडा काढतं. मग कंद पोकळ, जरबट होतो. शेंडा खुडूनही तो सुधारत नाही. डिंगऱ्यांची, म्हणजे मुळ्याच्या शेंगांची, भाजी तेवढी होते!

पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये करा. उशीर झालाच, तर मुळ्याचा वाण बदला: डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी पुसा हिमानी, मार्चच्या मध्यापासून पुसा चेतकी. या दोन्ही वाणांची शिफारस त्याच काळासाठी आहे. बियाण्याच्या पाकिटावरचा हंगाम वाचाच. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका, ऐन हंगामात एखाद्याचं रान वाया जाईल.