संस्कृतीला नाव ठेवताना

एखाद्या प्राचीन संस्कृतीला नाव देण्याची वेळ तुमच्यावर आली, तर अजिबात घाबरू नका. हल्ली ती कुणावरही येते, बहुधा सकाळी सहा वाजता, फॅमिली ग्रुपवर, गुलाबाच्या फुलाखाली. त्यासाठी हातात खुरपी धरलेली असावी लागत नाही, की उत्खननाचा एखादा अहवाल चाळलेला असावा लागत नाही. अट एकच: संस्कृती पुरेशी मेलेली हवी. बारशाला पाळण्यातलं मूल निदान भोकाड पसरून निषेध नोंदवतं. चार हजार वर्षांपूर्वी गेलेली माणसं तेवढंही करत नाहीत, आणि कानात कुर्र करायला आत्याबाईंची रांग मात्र दारापर्यंत लागलेली असते.

सरावाला आपण हडप्पा घेऊ. (मी 'हडप्पा' म्हणालो, तेवढ्यावरून काही वाचकांनी मी कुठल्या गोटातला हे ओळखलंही असेल. शाब्बास. तुमची तयारी चांगली आहे.)

नाव नसलं की काय होतं, ते आधी समजून घ्या. एकोणिसाव्या शतकात लाहोर-मुलतान रेल्वे टाकताना कंत्राटदारांनी हडप्प्याच्या टेकाडातल्या विटा उपसल्या आणि जवळपास शंभर मैल रुळांखाली खडी म्हणून अंथरल्या. साडेचार हजार वर्षं टिकलेल्या, एक-दोन-चार अशा ठरलेल्या प्रमाणातल्या पक्क्या भाजलेल्या विटा! कुणाच्या भावना दुखावल्या? कुणाच्याच नाही, कारण भावनेला लटकायला नावाची खुंटीच नव्हती. पुरातत्त्व खात्याचे पहिले प्रमुख कनिंगहॅमसाहेब यांनी १८७५ मध्ये तिथल्या एका मुद्रेचं, म्हणजे कोरीव शिक्क्याचं, चित्र छापलं, तेही ती परदेशी समजून. तिच्यावरच्या बैलाला वशिंड नव्हतं ना!

आता पुरातत्त्वातला एक नियम सांगतो, तो लगेच विसरा. जिथे ती संस्कृती पहिल्यांदा ओळखली गेली, त्या गावाचं नाव तिला द्यायचं. दयाराम साहनींनी १९२१ मध्ये हडप्पा खणायला घेतलं, राखालदास बॅनर्जी त्यापाठोपाठ मोहेंजोदडोला पोचले. हडप्पा आधी, म्हणून हडप्पा संस्कृती. संपलं. इतक्या कोरड्या नियमावर कुणाचं पोट भरेल? आपल्याकडे याच नियमाने संगमनेर तालुक्यातल्या जोर्व्यावरून 'जोर्वे संस्कृती' झाली, तापीकाठच्या सावळद्यावरून 'सावळदा संस्कृती' झाली. त्यावरून कधी रास्ता रोको झाला? एखादी मिरवणूक? दोन्ही नावं अक्षरशः वाया गेली म्हणायची.

त्यापेक्षा नातेवाईक शोधा. १९२४ च्या सप्टेंबरात पुरातत्त्व खात्याचे तेव्हाचे प्रमुख जॉन मार्शल यांनी लंडनच्या सचित्र साप्ताहिकातून या शोधाची बातमी जगाला दिली आणि लगोलग सुमेरशी, म्हणजे इराकातल्या प्राचीन संस्कृतीशी, साम्य दाखवणारी पत्रं आली. काही काळ 'इंडो-सुमेरियन' हे नाव चाललंसुद्धा. गरिबाघरची सोयरीक जमवताना मुंबईच्या मोठ्या काकांचं नाव आधी घ्यायचं, हा शहाणपणा तेव्हाच्या विद्वानांकडेही होता. पुढे काकांशी फारसं जमेना, आणि १९३१ च्या तीन जाडजूड खंडांवर 'सिंधू' हेच नाव आलं.

इथपर्यंत सगळं बाळबोध होतं. खरी मजा १९४७ नंतर आहे, तेव्हा नकाशा समोर घ्या. हडप्पा पाकिस्तानात, मोहेंजोदडो पाकिस्तानात, सिंधूचं बहुतेक पात्रही तिकडेच. वाटणीत मोहेंजोदडोचे दागिनेसुद्धा वाटले गेले. हार तोडून मणी अर्धे इकडे, अर्धे तिकडे. मणी वाटता येतात, नाव कसं वाटणार? पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी १९५० मध्ये 'पाकिस्तानची पाच हजार वर्षं' अशा अर्थाच्या नावाचं पुस्तकच काढलं. देशाचं वय तीन, इतिहासाचं पाच हजार. ही उडी नीट बघून ठेवा, तुम्हालाही मारायची आहे.

आपली उडी जोडरेषेवरून मारतात. 'सिंधू-सरस्वती संस्कृती' हे नाव तज्ज्ञांत बरीच वर्षं होतं. २०२४ पासून ते सहावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकातही आहे. हरियाणा-राजस्थानातून जाणाऱ्या घग्गर-हाक्रा नदीच्या कोरड्या पात्रालगत या संस्कृतीची पुष्कळ ठिकाणं सापडली आहेत, कालीबंगा तिथलंच. हा मुद्दा खरा आहे, म्हणून तो घाईघाईत उरकायचा. आवाज चढवायचा तो पुढच्या तीन पायऱ्यांना: घग्गर म्हणजेच वेदांतली सरस्वती, म्हणजे हे लोक वैदिक, म्हणजे हे लोक आपण. प्रत्येक 'म्हणजे'वर टेबलावर हात आपटा. पुरावा हलका असला की हात जड लागतो. कुणी पुटपुटलं की घग्गर पुढे हाक्रा होऊन पाकिस्तानच्या चोलिस्तान वाळवंटात जाते आणि गनवेरीवाला हे मोठं स्थळ तिथेच आहे, तर त्याला ग्रुपमधून काढा.

जोडरेषा एकदा वापरली की ती थांबवणं अवघड, ही अडचण मात्र आहे. धोलावीरा कच्छच्या रणात, लोथल खंबातच्या आखाताशी. दोन्ही सिंधूवर नाहीत, सरस्वतीवरही नाहीत. शोर्तुगाई तर थेट अफगाणिस्तानात, अमू दर्याच्या खोऱ्यात. मग गुजरातने आणि अफगाणांनी काय पाप केलं? आणि मराठी वाचकहो, आपण का गप्प? श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. तिथे १९७४ मध्ये काशाचे गेंडा, हत्ती, रेडा आणि बैलांचा रथ सापडले. मिळून साठेक किलो धातू. उत्तर हडप्पाकालीन, म्हणजे हडप्प्याच्या उतरत्या काळातला, थरही त्या टेकाडात आहे. ती काशाची शिल्पं नेमकी कुठल्या काळातली, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही, पण त्याने खचू नका. ज्यावर एकमत होत नाही तो पुरावा पिढ्यान्‌पिढ्या पुरतो. 'सिंधू-सरस्वती-प्रवरा' अशी मागणी आजच नोंदवा. त्या जिल्ह्याचं स्वतःचंच नाव नुकतं बदललंय, तेव्हा तिथे पाट्या रंगवणाऱ्यांचा हात बसलेला असणार.

उत्तरेचा कंटाळा आला असेल तर दक्षिणेकडून या. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातले फादर हेरास यांना हडप्प्याच्या मुद्रांवरच्या, अजूनही न उलगडलेल्या लिपीत द्राविड भाषा दिसली. लोथल खणणाऱ्या एस. आर. राव यांना त्याच चिन्हांमध्ये संस्कृतशी नातं सांगणारी भाषा दिसली. मोठा समाधानकारक मामला आहे. मुद्रांवर सरासरी पाचेक चिन्हं, चिन्हं एकूण चारशेच्या आसपास, आणि सोबत दुसऱ्या भाषेतला मजकूर कोरलेला एकही दगड नाही. इतकी मोकळी जागा मिळाल्यावर कुणालाही आपलंच आडनाव वाचता येतं.

मोठं नाव ठेवण्याआधी छोट्यांवर हात साफ करायचा असेल, तर तोही रिवाज आहे. मोहेंजोदडोला साडेदहा सेंटिमीटरची काशाची मुलगी सापडली, कमरेवर हात ठेवून उभी. तिला नाचताना कुणी पाहिलेलं नाही, तरी ती 'नर्तकी' झाली. शालीवर तिपानी नक्षी असलेला दाढीवाला 'पुरोहित राजा' झाला. त्याचं देऊळ सापडलेलं नाही आणि राजवाडाही नाही. दोघंही शंभर वर्षं तक्रार न करता संग्रहालयात उभी आहेत, ती दिल्लीत आणि तो कराचीत.

एका नावापासून मात्र कटाक्षाने दूर राहा: मेलुहा. प्राचीन इराकातल्या अक्कडचा राजा सारगॉन चार हजार तीनशे वर्षांपूर्वी शिलालेखात मिरवतो की मेलुहाची जहाजं माझ्या धक्क्याला लागतात. शू-इलिशू नावाच्या एका गृहस्थांची मुद्रा पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे, त्यावर त्यांचा हुद्दा कोरलाय: मेलुहाच्या भाषेचा दुभाषा. हे मेलुहा म्हणजे सिंधूचाच प्रदेश, असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्या लोकांच्या हयातीत त्यांच्या गिऱ्हाइकांनी लिहून ठेवलेलं असं हे नाव. पण उपयोग काय? त्यात ना आपली नदी, ना आपली भाषा, ना शेजाऱ्याला लागेल असं काही. ज्या नावाने कुणाचंच तोंड वाकडं होत नाही, ते घेऊन ग्रुपवर काय मिळणार? अंगठे दोन, तेही आपल्याच घरातले.

शेवटचा धोका लिपीचा. ती उलगडणाऱ्याला तामिळनाडू सरकारने जानेवारी २०२५ मध्ये दहा लाख डॉलरचं बक्षीस जाहीर केलंय, तेव्हा कुणीतरी खरंच वाचून बसेल ही भीती आहे. वाचली, आणि त्या पाच चिन्हांत 'तीळ, दोन पोती, पैसे पोचले' एवढंच निघालं, तरी धीर सोडू नका. पोती कुणाची होती, हा प्रश्न ताबडतोब लावून धरा.