खुलासा: बायोसचा सेल काढल्याने जुनं फर्मवेअर परत येत नाही

‘जुन्या सर्व्हरवर थेट शेवटचं बायोस टाका, अडकलं तर पॉवर काढा, सेल काढून लावा, जुनं व्हर्जन परत येतं’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे.

बायोस हे फर्मवेअर, म्हणजे मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणारं सॉफ्टवेअर. ते मदरबोर्डवरच्या फ्लॅश चिपमध्ये असतं. बटणासारखा सीआर२०३२ सेल घड्याळ आणि फार तर सेटिंग सांभाळतो. अर्धवट लिहिलेली चिप सेल काढून दुरुस्त होत नाही. तिथे बोर्डवर राखीव प्रत किंवा उत्पादकाने दिलेली रिकव्हरीची सोय असेल तर ती, नाहीतर प्रोग्रॅमर (चिपवर थेट लिहिणारं उपकरण) लावून चिप पुन्हा लिहिणं, हे मार्ग.

थेट शेवटच्या व्हर्जनवर उडीही नेहमी चालत नाही. जुन्या फर्मवेअरला नव्या फाइलची मांडणी किंवा डिजिटल सही कधीकधी ओळखता येत नाही, म्हणून काही मॉडेलना मधली व्हर्जन आधी टाकावी लागतात. कोणती, ते उत्पादकाच्या रिलीज नोट्समध्ये असतं. कंटाळवाण्या असल्या तरी वाचाच. चालू व्हर्जन लिनक्सवर डीएमआयडिकोड (dmidecode) या कमांडने कळतं. फाइलचा चेकसम (फाइल जशीच्या तशी उतरली का ते तपासायचा कोड) जुळवा, रेड कंट्रोलर (अनेक डिस्क एकत्र चालवणारा भाग) आणि बूट मोड (सर्व्हर सुरू होण्याची पद्धत) यांच्या सेटिंगचे फोटो काढा. अपडेटनंतर त्या सेटिंग कारखान्यातल्यासारख्या झाल्या, तर सर्व्हर कधीकधी डिस्कच ओळखत नाही.

अपडेट चालू असताना स्क्रीन काळी, पंखे भरधाव, मधेच रीस्टार्ट हे बऱ्याचदा नेहमीचंच असतं. घाबरून वायर ओढली, की तिथेच बोर्ड जाऊ शकतो. सेल काढायला सांगणारा तो मेसेज पुढे पाठवू नका. ज्या ग्रुपवर टाकला असेल तिथून काढा.